एकोणसाठ की एकसष्ट? तिसरीतल्या मुलीची संख्यांची गफलत आणि घरातले सहा आठवडे

मुलगी आठ वर्षांची, मराठी शाळेत तिसरीत. एक ते शंभर एका दमात म्हणते. दोनपासून दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ. तरी गणिताच्या वहीत पानापानावर लाल फुल्या आणि खाली शेरा: ‘घरी सराव घ्यावा’. घरात सराव रोजच चालू होता. मग चुकत काय होतं, हे शोधण्याची आणि घरच्या घरी दुरुस्त करण्याची ही हकीकत.

घर नमुन्याचं आहे. अनेक घरांत दिसणारी परिस्थिती एका जागी आणून मांडली आहे, त्यामुळे गुणांचे आकडेही त्याच नमुन्याचे समजावेत. गाव तालुक्याचं. आई घरी ब्लाऊज शिवते, वडील एमआयडीसीत पाळीवर जातात, थोरला भाऊ पाचवीत आणि आजी घरातच. आईचं शिक्षण दहावीपर्यंत. संध्याकाळी साडेसातला मशीन बंद झालं की स्वयंपाकाआधी पंधरा-वीस मिनिटं मोकळी. यापेक्षा जास्त वेळ मागणारा कुठलाही उपाय या घरात टिकला नसता.

या वेळात आधी काय चालायचं? उजळणी. एक ते शंभर म्हण, मग पाढे म्हण. आजीच्या वेळी पाढे तीसपर्यंत असत, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण आणि सव्वा यांचे पाढे. तिच्या हिशेबी नात फारच मागे होती, म्हणून पाठांतर वाढवायचं. शेजारच्या शिकवणीला घालावं असाही विचार होता. पण तिथेही उजळणीच घेत. पाठ म्हणण्यात मुलगी मुळात कच्ची नव्हतीच. ओळीने म्हणताना पुढची संख्या मागचीला धरून आपोआप येते. मधूनच कुणी ‘त्रेपन्न लिही’ म्हटलं, की तो आधार सुटतो.

वीस संख्यांची चाचणी

कोरा कागद, पेन्सिल आणि वीस संख्या. आईने संख्या म्हणायची, मुलीने लिहायची. एक संख्या जास्तीत जास्त दोनदा म्हणायची. चुकलं तरी चेहरा हलवायचा नाही, ‘नीट बघ’ म्हणायचं नाही, कारण ‘नीट बघ’ ऐकलं की मूल उत्तर फिरवतं आणि मूळची चूक हाती लागत नाही. आणखी एक काम: कोणता अंक आधी उमटला ते पाहून आपल्याजवळच्या यादीत त्या अंकावर टिंब द्यायचं.

यादी ठरवून केलेली होती. चार पूर्ण दशकं: ३०, ५०, ७०, ९०. पाच ‘एकोण’वाल्या: २९, ३९, ५९, ६९, ८९. चार उलटसुलट जोड्या, पण जोडीजोडीने न विचारता विखरून: ३६ आणि ६३, २५ आणि ५२, ४७ आणि ७४, ५३ आणि ३५. वर सुट्या तीन: १७, ४४, ९९.

वीसपैकी अकरा बरोबर आल्या. नुसत्या गुणांवरून काहीच कळत नाही. चुकलेल्या नऊ अशा होत्या: त्रेसष्टला ३६, बावन्नला २५, सत्तेचाळीसला ७४, चौऱ्याहत्तरला ४७, त्रेपन्नला ३५. एकोणचाळीसला ४९, एकोणसत्तरला ७९, एकोणनव्वदला ९९ आणि एकोणसाठला ६१.

पहिल्या पाच चुकांत एकही अंक चुकीचा नाही. दोन्ही अंक बरोबर, फक्त घरं बदललेली. म्हणजे मुलीला संख्या ‘येत नाहीत’ असं नाही. ती शब्द फोडते, तुकडे ओळखते आणि ऐकले त्याच क्रमाने मांडते. ‘त्रेपन्न’मध्ये आधी तीन ऐकू आले, ३ लिहिला. मग पन्नास ऐकू आले, पुढे ५ लिहिला. टिंबांनीही हेच दाखवलं.

छत्तीस, पंचवीस, पस्तीस मग बरोबर कसे आले? त्या ठिकाणी तिने ३, २, ३ आधी लिहिलेच नव्हते. ६, ५, ५ आधी लिहिले आणि डावीकडे जागा सोडून दशक नंतर घातलं. रोजच्या कानावरच्या लहान संख्यांसाठी तिने स्वतःच शोधलेली ही युक्ती. दोन अंकांपुरती ती चालते. पुढे ‘एकशे त्रेपन्न’ आलं की मूल १ लिहितं, मग ३ लिहितं आणि दोहोंच्या मध्ये ५ कोंबतं. तिसरीच्या वह्यांत असा दाटीवाटीने कोंबलेला मधला अंक दिसला, तर तो अक्षराचा दोष समजू नये.

दुसऱ्या दिवशी तीच यादी दाखवून वाचायला दिली. पंधरा बरोबर. ऐकून लिहिण्यापेक्षा पाहून वाचणं सोपं जातं, कारण अंक डोळ्यांसमोर स्थिर असतात. प्रथम संस्थेच्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत मुलाला छापील संख्या दाखवून वाचायला सांगतात. त्यात ही मुलगी बहुधा निभावून गेली असती. घरीही ‘वाच बघू’ एवढंच विचारलं जातं, म्हणून ऐकून लिहिण्यातली खोट लपून राहते.

दोष कुठला

मराठीत एकवीस ते नव्याण्णव या संख्या बोलताना एकक आधी येतं, दशक नंतर. लिहिताना नेमकं उलट. जर्मन भाषेतही तसंच आहे, आणि नॉर्वेने तर १९५१ साली अधिकृत मोजणीचा क्रमच बदलून दशक आधी आणलं. मराठीत वर जोडाक्षरांची भर. साठचं होतं ‘सष्ट’, सत्तरचं ‘हत्तर’, नव्वदचं ‘ण्णव’. पन्नास तर ‘वन्न’, ‘पन्न’, ‘प्पन्न’ अशी तीन रूपं घेतं. ‘सत्त’ ऐकू आलं तर ते सत्तावन्नमधलं सात की सत्तरमधलं सत्तर, हे शब्द संपल्याशिवाय ठरत नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली आणि मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. भाषा बिघडते म्हणून टीका झाली, विधानसभेत टोमणे मारले गेले. भाषेची काळजी खरी मानली तरी अडचण कल्पनेतली नव्हती, हे वरचा चाचणीचा कागद पाहिला की पटतं. घरात ‘त्रेपन्न’ सोडायचा नाही, पण काही दिवस ‘पन्नास आणि तीन’ हे त्याच्या जोडीला ठेवायचं, एवढा मध्यममार्ग कुणालाही झेपतो.

मुलांना वाचन-लेखन आणि गणिताचा पाया पक्का यावा यासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीअखेर ९९९ पर्यंत आणि तिसरीअखेर ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असं लक्ष्य आहे. शंभराच्या आतलं घर पक्कं नसताना पुढच्या मजल्यांवर किती भार येईल, ते निराळं सांगायला नको.

दहा मिनिटांचं काम

आठवड्यातले पाच दिवस, रोज दहा मिनिटं, सहा आठवडे. एकूण पाच तास. सामान: खराट्याच्या हिरांच्या साधारण तीन इंची शंभर काड्या (टोकं घासून बोथट केलेल्या), दहा रबरबँड, आईची जुनी टेप आणि दहाच्या नऊ नोटा व एक रुपयाची वीस नाणी. खऱ्या नोटा नसतील तर कागदाच्या चालतात. पाचाची नाणी आणि वीसच्या नोटा मुद्दाम बाजूला. त्या आल्या की दशक-एकक दिसेनासं होतं.

पहिला आठवडा लिहिणं पूर्ण बंद. दहा-दहा काड्यांच्या जुड्या मुलीने स्वतः मोजून बांधल्या. हे आईने करून दिलं तर ‘जुडी म्हणजे दहा’ हे हाताला कळत नाही. जुड्या डावीकडे, सुट्या उजवीकडे, मध्ये पाटावर टेलरच्या खडूने एक रेघ. मग आई म्हणाली, ‘त्रेपन्न.’ मुलीचा हात लगेच तीन काड्यांकडे गेला.

‘थांब. शेपूट काय ऐकलंस?’

‘पन्न.’

‘मग?’

पाच जुड्या रेघेच्या डावीकडे आल्या. ‘आता डोकं?’ ‘त्रे.’ तीन सुट्या उजवीकडे. मग मोठ्याने: ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न.’

सगळ्या उपायाचा गाभा एवढाच: आधी शेपूट, मग डोकं. लिहायची वेळ आली तेव्हाही, शब्द पुरता संपेपर्यंत पेन्सिल पाटावर आडवी. हा नियम वरवर क्षुल्लक वाटतो, पण उलटापालट होते ती नेमकी त्या अर्ध्या क्षणात, शब्द अर्धा असतानाच हात चालू लागतो तेव्हा.

दुसऱ्या आठवड्यात टेप. सतत ओढून जुनी टेप ताणली जाते आणि मापाला निरुपयोगी ठरते. अशी टेप शिवणाऱ्या घरात असतेच. तिच्या सेंटिमीटरच्या बाजूला १ ते १५० अंक असतात, म्हणजे आयती संख्यारेषा. आईने १०, २०, ३० असं करत शंभरापर्यंत दर दहाला लाल दोऱ्याचा टाका घातला. दहा टाके. हे सगळं ‘एकोण’साठी.

एकोणीस ते एकोणनव्वद अशा आठ संख्या पुढच्या दशकाच्या नावाने ओळखल्या जातात, म्हणून मूल चाळीस ऐकतं, नऊ आठवतं आणि ४९ लिहितं. एकोणसाठमध्ये ‘एक’ आणि ‘साठ’ एवढंच ऐकलं, तर ६१. नव्याण्णव मात्र या कुळातला नाही. त्यात ‘नव्या’ सरळ ऐकू येतं, म्हणूनच तो पहिल्या चाचणीत बरोबर आला होता. ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एक कमी. हे समजावायला आजी कामाला आली. घड्याळात पावणेचार कधी वाजतात, हे मुलीला ठाऊक होतं: चारला पाव कमी. ‘मग एकोणचाळीस म्हणजे?’ चाळीसला एक कमी. ‘पाऊण’मधला ‘ऊण’ आणि ‘एकोण’मधला ‘ओण’ मुळात एकच. बोट चाळीसच्या लाल टाक्यावर ठेवायचं आणि एक घर मागे यायचं. पाठांतरावर भर देणाऱ्या आजीकडे नातीला शिकवायला नेमकी ही गोष्ट होती, आणि ती तिने दोन दिवसांत शिकवली.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात लिहिणं. रोज दोनच उलट्या जोड्या, चार संख्या. जास्त घेतल्या की आठ मिनिटांनंतर मूल अंदाजाने लिहू लागतं. आधी काड्या मांडायच्या, मग त्याखाली लिहायचं. चौथ्या आठवड्यात काड्या डब्यात आणि फक्त शंका आली तरच उघडायच्या. शिलाईच्या वहीतली मापं याच दिवसांत मुलीकडून लिहून घ्यायला सुरुवात झाली: छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस. आई शेवटी टेप लावून पाहत असे, कारण इथे चूक झाली तर कापड वाया.

जिथे घसरलं

टेपला दोन बाजू. पहिल्याच दिवशी मुलीने एकोणतीस शोधताना इंचांची बाजू धरली, तिथे लाल टाका दुसऱ्याच अंकावर पडत होता. इंचांच्या बाजूवर कागदाची पट्टी चिकटवली. दुसरी गफलत, घरं मोजण्याऐवजी ती मधल्या मिलिमीटरच्या बारीक रेघा मोजू लागली. अंकावरून अंकावर बोट उडी मारत न्यायचं, हे करून दाखवल्यावर थांबली.

भाऊ शेजारी बसला की उत्तर तोच देई. त्याला हाकलण्यापेक्षा काम देणं बरं. संख्या वाचून दाखवायचं त्याच्याकडे सोपवलं आणि मुलगी लिहीपर्यंत त्याने मनात पाच मोजायचं. त्यालाही एकोणसत्तर वाचताना अडखळायला होत होतं, हे त्या निमित्ताने उघड झालं.

वडिलांची पाळी सकाळची असली की संध्याकाळी ते बसत. त्यांच्या तोंडी ‘फॉर्टी सेव्हन’ येई, आणि मुलगी ते बरोबर लिही. इंग्रजीत दशक आधी येतं ना! यावरून ‘तिला इंग्रजीतच घ्यावं’ असा निष्कर्ष घरात निघू पाहत होता. सेमी इंग्रजीच्या वर्गात असलेल्या मुलांच्या घरीही हाच तर्क चालतो. पण बाजारात, बसमध्ये, वर्गात शिक्षकांच्या तोंडी संख्या मराठीतच येणार. सहा आठवडे तरी एकाच भाषेत विचारायचं ठरलं.

सगळ्यात महागात पडली ती घाई. तिसऱ्या आठवड्यात आईने एका संध्याकाळी वीस संख्यांची चाचणी पुन्हा घेतली, ब्लाऊजची ऑर्डर लांबल्यामुळे वैतागलेली असताना. चौदा बरोबर आल्या. ‘इतके दिवस घेतले आणि चौदाच?’ हे वाक्य निघालं. पुढचे दोन दिवस मुलगी काड्या घेऊन बसली नाही. अकरावरून चौदा ही तीन आठवड्यांत झालेली वाढ आहे हे तेव्हा कुणाला दिसलं नाही, कारण पहिला कागद जपूनच ठेवला नव्हता. आजीच्या गादीखाली तो सापडला, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून मुलीला दाखवले. उलट्या लिहिलेल्या पाचपैकी तीन आता सरळ होत्या.

मोड आणि हातचा

पाचव्या आठवड्यात वजाबाकी. मुलीच्या वहीत ५२ − २७ चं उत्तर ३५ होतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले. हीही सवय सर्रास आढळते, आणि ‘हातचा घ्यायचा विसरलीस’ असं सांगून ती जात नाही. विसरणं नसतंच ते, हातचा कुठून येतो हेच ठाऊक नसतं.

नोटा काढल्या. दहाच्या पाच, रुपयाची दोन. आई गिऱ्हाईक झाली: ‘सत्तावीस रुपये दे.’ मुलीने दहाच्या दोन नोटा दिल्या. सात नाणी हवीत, हातात दोन. थोडा वेळ ती नाण्यांकडे बघत बसली, मग म्हणाली, ‘मोड आणू का?’ आणि भावाकडून, म्हणजे दुकानदाराकडून, एका नोटेची दहा नाणी घेऊन आली. नाणी झाली बारा, त्यातली सात दिली. उरल्या दोन नोटा आणि पाच नाणी. पंचवीस.

वहीत दशकाच्या घरातला पाच खोडून वर चार लिहिण्यात आणि दोनाचे बारा करण्यात झालं ते हेच. ‘हातचा’ या शब्दापेक्षा ‘मोड’ तिला आधीपासून माहीत होता. पहिले तीन दिवस प्रत्येक उदाहरण नोटांनी करून मगच वहीत. एक सूचना: ५० − २७ सारखं शून्यवालं उदाहरण सुरुवातीला टाळावं. नाणं एकही नसताना काय मोडायचं, हा प्रश्न दोन दिवसांनी आला तर सुटतो, पहिल्या दिवशी आला तर सगळंच विस्कटतं.

शाळेशी बोलणं

पालक सभेत ‘लक्ष द्या जरा तिच्याकडे’ म्हटल्याने काही होत नाही. वर्गात पस्तीस-चाळीस मुलं असतील तर कुठल्या मुलीच्या कुठल्या गोष्टीकडे? आईने चाचणीचा पहिला कागद नेला आणि एकच विनंती केली: श्रुतलेखनात संख्या म्हटल्यावर दोन सेकंद थांबून मग मुलांना पेन्सिल उचलायला सांगता येईल का? शिक्षकांनी ते सगळ्या वर्गालाच लावलं. कागद पाहिल्यावर ‘सराव घ्यावा’ हा शेरा मात्र वहीतून गेला, त्याजागी ‘एकोणच्या संख्या पाहा’ असं आलं. पालकाला उपयोगी पडतो तो असा शेरा.

सहाव्या आठवड्यात तीन अंकी संख्या सुरू झाल्या. एकशे त्रेपन्न लिहिताना १, मग थांबणं, मग ५, मग ३. कोंबाकोंबी गेली होती. शेवटच्या दिवशी पुन्हा वीसची चाचणी, त्याच बेताची पण नव्या संख्यांची, म्हणजे आठवणीवर भागू नये: ४०, ६०, ८०, ९०, १९, ४९, ५९, ७९, ८९, २३-३२, ४५-५४, ६७-७६, ८४-४८, आणि १६, ७७, ९१.

सतरा बरोबर. सदुसष्टला ७६, शहात्तरला ६७ आणि एकोणऐंशीला ८१. पहिल्या दोन उच्चारामुळे अडतात: ‘सदु’मध्ये सात आणि ‘शहा’मध्ये सहा पटकन ऐकू येत नाहीत. तिसरी ‘एक्क्याऐंशी’शी मिळतीजुळती. एकोणसाठ बरोबर आला होता, त्यामुळे नियम समजलेला आहे, कान अजून तयार व्हायचा आहे. या तीन संख्या आईने मशीनच्या फळीवर खडूने लिहून ठेवल्या. कापड सरकलं की पुसल्या जातात, मग मुलीनेच पुन्हा लिहायच्या, ऐकून.